थकव्याची रोजनिशी मोबाइलवर: दीर्घ आजारातल्या माणसांसाठी, सीमाभागातल्या घरांसाठी

ओपीडीत डॉक्टर विचारतात, "थकवा कसा आहे?" आणि उत्तर येतं, "तसाच हाय की." दोन महिन्यांचा हिशेब या एका वाक्यात संपतो. त्यातही ते उत्तर दोन महिन्यांचं नसतंच. सकाळी साडेसहाला खानापूरहून निघून, बसमध्ये उभं राहून, केस पेपरच्या रांगेत तास काढून समोर बसलेल्या माणसाचं ते त्या घटकेचं उत्तर असतं. गेल्या मंगळवारी दुपारी अंथरुणावरून उठवलं नव्हतं, हे तिथे आठवतही नाही.

संधिवात (त्यातही आमवात), किडनीचा आजार, थायरॉइड, मधुमेह, हृदयाची कमजोरी, पार्किन्सन, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस, केमोथेरपीनंतरचा काळ, कोविड किंवा चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी अशक्ती, या सगळ्यांत थकवा ही मोठी तक्रार असते. पण रक्ताच्या तपासणीत थकव्याचा आकडा येत नाही. तो रुग्णानेच द्यावा लागतो, आणि रोजच्या रोज दिला तरच तो कामाचा ठरतो.

रोजनिशी वहीत का नको, याचं उत्तर एका जुन्या अभ्यासात आहे. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो छापून आला. दीर्घ वेदना असलेल्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या, आणि डायरी कधी उघडली गेली हे टिपणारा सेन्सर त्यांच्या फाइलमध्ये बसवला होता. कागदावरून दिसत होतं की ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या. सेन्सरप्रमाणे वेळेवर झालेल्या नोंदी फक्त ११ टक्के होत्या. बाकीच्या मागाहून, एका बैठकीत भरलेल्या. इलेक्ट्रॉनिक डायरीवाल्यांचं वेळेवर भरण्याचं प्रमाण ९४ टक्के निघालं. माणसं खोटारडी नसतात, आठवण खोटारडी असते. मोबाइलचा खरा फायदा इतकाच की नोंदीवर वेळेचा शिक्का आपोआप बसतो. रंगीत आलेख वगैरे नंतरच्या गोष्टी.

आधी ठरवा: ही नोंद कशासाठी?

"सगळं लिहून ठेवू, पुढे उपयोगी पडेल" या विचाराने सुरू केलेली रोजनिशी दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. एकच प्रश्न ठरवा आणि तो कागदावर लिहून कपाटाला चिकटवा. उदाहरणार्थ: नवीन गोळी सुरू झाल्यापासून थकवा वाढला का? डायलिसिसनंतर पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो? जड काम केल्यावर कोणत्या दिवशी कोसळायला होतं? सकाळ जास्त वाईट की संध्याकाळ? प्रश्न कोणता यावर किती दिवस लिहायचं हे ठरतं.

सकाळ-संध्याकाळचा फरक पाहायला दोन आठवडे पुरतात. आठवड्यातून एकदा घेण्याच्या औषधाचा परिणाम पाहायचा असेल तर चार आठवडे हवेत, कारण दोन आठवड्यांत सोमवार दोनच येतात आणि दोन सोमवारांवरून काही ठरवू नये. पाळीशी संबंध वाटत असेल तर किमान दोन-तीन पाळ्या जाऊ द्याव्या लागतात.

शून्य ते दहा, पण आपल्या घरातल्या कामांत

थकवा ० ते १० मध्ये सांगायचा असतो. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून वाईट असू शकत नाही. एवढंच सांगून सोडलं की जवळजवळ सगळे रोज ५ किंवा ७ लिहितात. म्हणून सुरू करायच्या आदल्या दिवशी पाच आकड्यांचे अर्थ स्वतःच्या दिनक्रमातून ठरवून घ्या. घरकाम करणाऱ्या बाईसाठी ते साधारण असे होतील:

० – आजारापूर्वीसारखं. भाकऱ्या, भांडी, धुणं करूनही संध्याकाळी कट्ट्यावर बसून गप्पा होतात.
३ – सगळी कामं होतात, पण मध्ये एकदा टेकावं लागतं.
५ – निम्मी कामं उरतात. भाकऱ्या करताना स्टूल ओढून बसावं लागतं.
७ – स्वतःपुरतंच होतं. अंघोळ केली की पुन्हा आडवं व्हावं लागतं.
१० – संडासला जायलाही कुणाचा तरी आधार लागतो.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईने यात विड्यांचा आकडा घालावा. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे रोजचा आकडा तिच्या तोंडपाठ असतो, आणि "नेहमी आठशे होतात, आज तीनशेवर हात थांबला" हे कोणत्याही स्केलपेक्षा स्पष्ट बोलतं. वडगाव-शहापूरकडच्या मागवाल्याने माग किती तास चालवला ते घ्यावं. शिक्षकाने किती तास उभं राहून शिकवता आलं ते घ्यावं. असा एक मोजता येणारा आकडा प्रत्येकाच्या कामात असतो. तो रोजनिशीत घ्याच.

ही पाच ओळींची यादी फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. महिनाभराने ५ चा अर्थ मनात हळूच बदलतो, आणि आजार लांबला की माणूस वाईटालाही सरावतो. यादी समोर असली तर मोजपट्टी हलत नाही.

थकवा कोणता, हेही विचारा

आकड्याबरोबर एक प्रश्न हवाच: आत्ता काय जास्त आहे? पर्याय पाच ठेवा: अंगात त्राण नाही, डोकं चालत नाही किंवा शब्द सुचत नाहीत, झोप अनावर होते, दम लागतो, दुखतं म्हणून हलवत नाही. बाहेरून हे सगळं "गळाटा आलाय" असंच दिसतं, पण डॉक्टरांसाठी वाटा वेगळ्या आहेत. दम लागत असेल तर हृदय, फुप्फुस आणि हिमोग्लोबिनकडे आधी पाहिलं जातं. झोप अनावर होत असेल तर रात्रीचं घोरणं आणि श्वास अडकणं, किंवा झोप आणणारी औषधं (ॲलर्जीच्या काही गोळ्या, नसांच्या दुखण्यावरचं प्रिगाबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन) संशयात येतात. दुखण्यामुळे हालचाल थांबली असेल तर आधी दुखण्यावर उपचार होतो.

फॉर्म कसा बनवायचा

लक्षणं किंवा मनःस्थिती नोंदवायची तयार ॲप्स आहेत. बेअरेबल, डेलिओ ही त्यांतली नावं. इंग्रजी सहज वाचणाऱ्यांना ती चालतील. मराठीत विचार करणाऱ्या घरासाठी गुगल फॉर्म बरा: फुकट आहे, प्रश्न आपल्या शब्दांत लिहिता येतात आणि उत्तरं आपल्याच खात्यातल्या शीटमध्ये जमतात. बनवायला अर्धा तास लागतो. संगणकावर बनवलेला बरा, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बोटं फार अडखळतात. सायबर सेंटरमध्ये बनवणार असाल तर उठताना खात्यातून लॉग आउट झालात का ते पाहा.

नवीन कोरा फॉर्म उघडा. पहिला प्रश्न: "आत्ता थकवा किती?" प्रकार 'लिनिअर स्केल' निवडा. तिथे सुरुवात १ ते ५ अशी दिसते, ती बदलून ० ते १० करा. दोन्ही टोकांना लेबल द्या: "अजिबात नाही" आणि "संडासलाही आधार लागतो". दुसरा प्रश्न वरचे पाच पर्याय, प्रकार 'मल्टिपल चॉइस'. तिसरा: "मागच्या नोंदीपासून जड काम झालं का?" उत्तरं तीन: नाही, थोडं, खूप. चौथा: "दुखणं किती?" पुन्हा ० ते १०. पाचवा, ऐच्छिक, 'शॉर्ट आन्सर': "विशेष काही". पहिल्या चार प्रश्नांवर 'रिक्वायर्ड' चालू ठेवा, पाचव्यावर बंद.

झोप रोज एकदाच विचारायची असते, म्हणून तिच्यासाठी वेगळा प्रश्न नको. सकाळच्या नोंदीत "विशेष काही" मध्ये तासांचा आकडा लिहा: "झोप ५, दोनदा जाग".

यापुढे प्रश्न वाढवायचा मोह आवरा. पाच प्रश्न अर्ध्या मिनिटात भरून होतात. दहा झाले की दीड मिनिट लागतं, आणि ज्या दिवशी थकवा ८ असतो त्याच दिवशी नोंद राहते. म्हणजे नेमके वाईट दिवस शीटमधून गायब होतात आणि सरासरी खोटी चांगली दिसते.

सेटिंगमध्ये चार गोष्टी तपासा. एका व्यक्तीला एकदाच उत्तर देण्याची मर्यादा बंद हवी, नाहीतर पहिल्या नोंदीनंतर फॉर्म पुन्हा उघडणार नाही. प्रश्नांचा क्रम आपोआप बदलणारा पर्यायही बंद. ईमेल गोळा करणं बंद. आणि फॉर्म भरल्यावर सगळ्यांच्या उत्तरांचा सारांश दाखवणारा पर्याय बंद, कारण कालचा आकडा दिसला की आजचा त्याच्याच शेजारी जाऊन बसतो.

मग 'रिस्पॉन्सेस' मध्ये जाऊन उत्तरं शीटला जोडा आणि शीट उघडल्याबरोबर तिच्या सेटिंगमध्ये देश आणि टाइम झोन पाहा. खातं उघडताना भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली असेल तर इथे दोन घोटाळे होतात. वेळ बारा-तेरा तासांनी मागे दिसते, म्हणजे सकाळची नोंद आदल्या संध्याकाळची वाटते. आणि तारीख महिना आधी घेऊन येते, त्यामुळे ७ ऑगस्ट आणि ८ जुलै यांची अदलाबदल होते. देश भारत करा, टाइम झोन कोलकाता करा, आणि एक खोटी नोंद भरून घड्याळाशी जुळते का पाहा. नंतर ती ओळ पुसून टाका.

शेवटी फॉर्मची लिंक मोबाइलच्या क्रोममध्ये उघडा, वरच्या तीन टिंबांवरून 'ॲड टू होम स्क्रीन' करा. आता एका बोटाने फॉर्म उघडेल. व्हॉट्सॲपमध्ये लिंक जपून ठेवली तर शुभेच्छांच्या फोटोंखाली ती दोन दिवसांत गडप होते.

वेळा आणि गजर

पहिले दोन आठवडे दिवसातून तीनदा नोंद करा: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दुपारी जेवणापूर्वी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास. दुपारची नोंद जेवणानंतर नको, जेवणानंतरची सुस्ती सगळ्यांनाच असते. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ न पाहता "उठल्यावर, कामाच्या मध्यावर, काम संपल्यावर" असं धरावं.

आठवण करून द्यायला मोबाइलमधल्या घड्याळाचा साधा गजर लावा. ॲपच्या नोटिफिकेशनवर विसंबू नका: बरेच स्वस्त फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करतात आणि आठवण येतच नाही. गजराला नाव द्या, "आत्ता किती?" एवढंच.

गजर चुकला तर? दोन तासांच्या आत लक्षात आलं तर त्या क्षणीचा थकवा भरा. त्याहून उशीर झाला तर ती जागा रिकामी सोडा. रात्री झोपताना "दुपारी बहुतेक सहा असेल" असा आकडा टाकू नका. दर दहा नोंदींतल्या दोन-तीन राहिल्या तरी चित्र बिघडत नाही. अंदाजाने भरलेल्या नोंदी मात्र ते बिघडवतात, आणि नंतर खऱ्या कुठल्या आणि अंदाजाच्या कुठल्या हे कुणालाच ओळखता येत नाही.

वयस्क माणसाची नोंद सून किंवा नातू भरत असेल तर आकडा माणसाच्या तोंडून घ्यायचा. "आई, आज बरं वाटतंय न्हवं?" असं विचारलं की आई बिचारी दोन आकडे कमीच सांगते. "आई, आत्ता किती?" इतकंच विचारा. उत्तर मिळालं नाही आणि तुम्हीच अंदाज केला असेल, तर "विशेष काही" मध्ये "अंदाज" असा शब्द टाका.

नेट नसेल तर

कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडे पावसाळ्यात दिवसेंदिवस नेट नसतं, कधी वीजही नसते. गुगल फॉर्म नेटशिवाय जात नाही. अशा गावांत गुगल शीट्सचं ॲप घ्या आणि एक साधी शीट बनवून तिला 'अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवा. नेट आलं की नोंदी आपोआप वर जातात. पण इथे वेळेचा शिक्का बसत नाही, म्हणून आकड्याशेजारच्या रकान्यात घड्याळ पाहून वेळ लिहायची शिस्त हवी.

साधा बटणांचा फोन असेल तर एसएमएस उत्तम. ठरलेल्या वेळी मुलीच्या किंवा भाच्याच्या नंबरवर तीन आकडे पाठवायचे: पहिला थकवा, दुसरा दुखणं, तिसरा काम (०, १ किंवा २). "७ ३ २" एवढाच मेसेज. रेंजची एक कांडी असली तरी तो जातो आणि पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये वेळेसकट राहतो. बेळगावात किंवा पुण्यात बसलेली मुलगी रविवारी ते आकडे शीटमध्ये उतरवते.

लिहिण्याऐवजी बोलायचं असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला आवाजी मेसेज करता येतो. मोबाइलचं मराठी बोलून टाइप करणं आपल्या कन्नडमिश्रित बोलीत बऱ्याचदा गोंधळतं, म्हणून आकडे बोटाने आणि वर्णन आवाजात, अशी वाटणी बरी.

पावलं मोजणाऱ्या पट्ट्यांबद्दल

मनगटावरची पट्टी पावलं, नाडी आणि झोप मोजते, थकवा मोजत नाही. आपल्याकडच्या कामांत तर पावलंही फसवतात. जुलैत दिवसभर वाकून भाताची रोपं लावणारी बाई, किंवा बैठक मारून विड्या वळणारी बाई, पट्टीच्या हिशेबाने दिवसभर आरामात असते. याउलट खडबडीत रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याला काही पट्ट्या भलतीच पावलं दाखवतात. पट्टी आधीच असेल तर सकाळची विश्रांतीतली नाडी तेवढी नोंदवा. केवळ यासाठी विकत घेऊ नका.

आजाराप्रमाणे एक जादा रकाना

सगळ्यांसाठी सगळं नको. आपल्या आजाराचा एकच निवडा.

आमवात: सकाळी सांधे आखडलेले असतात ते किती मिनिटांनी मोकळे होतात. मेथोट्रेक्सेट घेत असाल तर त्या गोळीचा वार. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून शीटमध्ये तिचा वार ठळक हवा. गोळीच्या दुसऱ्या दिवशी गळून जाणं पुष्कळांना होतं आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात.

डायलिसिस: "घरी आल्यावर पूर्ववत वाटायला किती तास लागले?" हा एकच प्रश्न. सोबत डायलिसिसआधीचं आणि नंतरचं वजन, जे केंद्रावरच्या कार्डावर असतंच. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन जास्त वाढलं की एका बैठकीत जास्त पाणी काढावं लागतं, आणि त्या दिवशी थकवाही बऱ्याचदा जास्त असतो. हा संबंध शीटमध्ये दिसला की पाण्याचं पथ्य समजावून सांगावं लागत नाही.

मधुमेह: थकवा अचानक तीन-चार आकड्यांनी वाढला, घाम किंवा थरथर असेल, तर आधी साखर तपासा, नोंद नंतर. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपवासाचे दिवस, मग ती एकादशी असो, संकष्टी असो वा रोजा, शीटमध्ये खूण करून ठेवा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ तपासण्याबद्दल विचारा.

हृदयाची कमजोरी: रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

थायरॉइड: गोळीची वेळ आणि त्यानंतर चहा किती वेळाने घेतला. डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पाहतात. त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात आकडा उतरला नाही म्हणून निराश होऊ नका.

पार्किन्सन: गोळीची नेमकी वेळ, आणि नोंदीच्या वेळी गोळीचा असर चालू आहे की उतरलाय. मल्टिपल स्क्लेरोसिस: उन्हात फिरणं किंवा कढत पाण्याची अंघोळ, कारण अंग तापलं की थकवा आणि इतर लक्षणं वाढतात.

दोन आठवड्यांनंतर शीट कशी वाचायची

कच्ची शीट वाचायला कठीण असते. एका दिवसाच्या तीन ओळी, कुठे दोनच. म्हणून शेजारी दुसरी शीट बनवा: एका दिवसाला एक ओळ. रकाने: तारीख, वार, सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोप, जड काम, जादा रकाना, विशेष. चौदा दिवस हाताने उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि उतरवतानाच निम्म्या गोष्टी लक्षात येतात.

आधी तिन्ही वेळांची सरासरी काढा. फंक्शनच्या यादीत 'ॲव्हरेज' आहे, तोच निवडा. मग ७ किंवा जास्त आकडे किती दिवस आले ते मोजा. सरासरीपेक्षा ही मोजणी जास्त बोलकी असते: रोज ५ असणारा आणि चार दिवस ९, बाकी दिवस ३ असणारा, दोघांची सरासरी जवळपास सारखीच येईल, पण दोघांना हवी असलेली मदत वेगळी आहे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. जड कामाचा रकाना कॉपी करा आणि नव्या रकान्यात एक ओळ खाली चिकटवा. त्याला नाव द्या "कालचं काम". आता कालच्या कामाशेजारी आजचा थकवा दिसेल. पुष्कळ आजारांत, विशेषतः विषाणूसंसर्गानंतर रेंगाळणाऱ्या थकव्यात आणि एमई (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस) या दीर्घ थकव्याच्या आजारात, श्रमाचा फटका त्याच दिवशी बसत नाही. तो १२ ते ४८ तासांनी बसतो. म्हणून त्याच दिवसाच्या ओळी वाचल्या तर उलटंच चित्र दिसतं: "काम करते त्या दिवशी बरं असतं, घरी बसते त्या दिवशी वाईट." यावरून "जरा हातपाय हलव, बरं वाटेल" असा सल्ला घरातून मिळतो आणि माणूस आणखी खचतो. एक ओळ खाली सरकवलं की खरा क्रम समोर येतो. दोन ओळी सरकवूनही एकदा पाहा. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात एमईच्या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं म्हटलं, त्यामागे श्रमानंतरची ही घसरण हे मोठं कारण होतं. याउलट आमवातात किंवा कर्करोगाच्या उपचारानंतर बेताचा व्यायाम थकवा कमी करू शकतो. तुमचं शरीर कोणत्या बाजूचं, हे शीट आणि डॉक्टर मिळून ठरवतील.

एका आकड्याचा चढउतार रोजचाच धरा. आठवड्याच्या सरासरीत दोन आकड्यांचा फरक पडला आणि पुढच्या आठवड्यात टिकला, तर त्याकडे लक्ष द्या.

दवाखान्याच्या दिवसाला वेगळी खूण हवी. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटक राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, ही मोठी सोय आहे. पण बस भरलेली असते आणि उभं राहून यावं लागतं. मिरज, कोल्हापूर किंवा गोव्याला जाणं म्हणजे तर पूर्ण दिवस. तो दिवस आणि त्याचे पुढचे दोन, हिशेबातून वगळून एकदा सरासरी काढून पाहा. लग्नसराई, गणपती, यल्लम्माची यात्रा, रोप लावणी यांनाही तशीच खूण करा.

शीटमधून काही सुचलं तर एका वेळी एकच बदल करा आणि तो दोन आठवडे टिकवा: धुणं आणि बाजार वेगवेगळ्या दिवशी, किंवा दुपारी अर्धा तास आडवं होणं. तीन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. औषधाचा डोस किंवा वेळ मात्र स्वतःहून बदलायची नाही. स्टेरॉइड तर एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं.

डॉक्टरांना काय दाखवायचं

मोबाइल पुढे करून "हे बघा" म्हणू नका. त्यांच्याकडे चार-पाच मिनिटं असतात. एका पानाची प्रिंट काढून न्या. वर तीन ओळी: सरासरी किती, वाईट दिवस किती, काय केल्यावर वाढतो. खाली संध्याकाळच्या आकड्यांचा एक रेषालेख, त्यावर औषध बदलल्याच्या तारखेला पेनाने उभी रेघ. शेवटी एकच प्रश्न. बेळगावातले डॉक्टर कन्नड बोलणारे असू शकतात, मिरजेतले मराठी, आणि केस पेपर इंग्रजीत. म्हणून शीर्षकं मराठीबरोबर कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या. कॉलेजातलं कोणतंही पोर दहा मिनिटांत करून देईल. आकड्यांना भाषा लागत नाही.

थकव्याची तपासणी म्हणून साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच, बी-१२, साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी) यांचा विचार होतो. मागचे रिपोर्ट सोबत ठेवा, म्हणजे तीच रक्तं पुन्हा काढावी लागणार नाहीत.

नोंद बाजूला ठेवायची वेळ

छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, डांबरासारखी काळी शौचाला होणं, थकव्यासोबत न उतरणारा ताप: यांत आकडा भरत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. काही आठवड्यांत कारण नसताना वजन घटत असेल तर पुढची तारीख अलीकडे घ्या. जगणं नकोसं वाटत असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे.

काही जणांना रोजनिशीच जाचायला लागते. सकाळी डोळे उघडल्याबरोबर आज किती असेल याचीच धास्ती, दिवसभर शरीराकडे कान. तसं झालं तर तीनाची एक नोंद करा, फक्त संध्याकाळची. तरी जाचत असेल तर बंद करा. प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरही बंदच करायची आहे. औषध बदललं किंवा नवीन तक्रार आली, की तोच फॉर्म पुन्हा दोन आठवडे चालू करा.

खातं कुणाचं?

हा भाग किरकोळ वाटतो आणि पुढे सर्वांत जास्त रडवतो. फॉर्म बहुतेक वेळा पुण्याहून गणपतीला आलेला मुलगा स्वतःच्या खात्यावर बनवून जातो. मग शीट त्याच्याकडे, आई-वडिलांच्या फोनमध्ये नुसती लिंक, आणि दवाखान्यात प्रिंट हवी तेव्हा तो मीटिंगमध्ये. शीट रुग्णाच्याच खात्यावर ठेवा आणि मुलाला पाहण्याची परवानगी द्या. शेअरिंग 'रिस्ट्रिक्टेड' वर असू द्या. लिंक मिळालेल्या कुणालाही शीट उघडेल असं ठेवू नका, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शीटची लिंक टाकू नका. आजाराची बातमी नोकरीच्या ठिकाणी किंवा सोयरिकीच्या बोलण्यांत पोचायला एक फॉरवर्ड पुरतो.

पासवर्ड कागदावर लिहून रिपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते पाहा. रिचार्ज संपून बंद पडलेलं जुनं सिम जोडलेलं असेल तर नवा फोन घेतल्यावर ओटीपी त्याच मेलेल्या सिमवर जातो आणि सगळ्या नोंदी कुलूपबंद होतात.